आधी काच, मग चहा

१९५७ साल. मी बावीस वर्षांचा. चिंचवडजवळ एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात बॉयलरच्या आगीत कोळसा ढकलत होतो आणि माझ्या वडलांनी मला दसऱ्यापर्यंतची मुदत दिली होती.

दिवाळी अंकवाल्यांनी नातवाकडे निरोप धाडला, की आजोबांना सांगा, रोजच्या लहानसहान सवयींनी माणूस कसा घडतो यावर लिहा. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही बोला, मी लिहितो." म्हटलं, तू तुझं कॉलेज बघ. दुसरीपर्यंत शिकलोय. तिथं मास्तरांशी वाजलं म्हणून थांबलो, नाहीतर तिसरीलाही गेलो असतो. मोडकंतोडकं का होईना, माझं मी लिहीन. अंकवाल्यांनी शुद्धलेखन सुधारावं, माझी माणसं सुधारू नयेत.

माणूस कसा घडतो ते मला ठाऊक नाही. मला एकच सवय ठाऊक आहे, ती सांगतो.

आमचं गाव ताथवडे. आज तिथं कॉलेजं आहेत आणि बिल्डिंगांच्या सावलीत दुपारी बारालाही थंड वाटतं. तेव्हा ज्वारी होती, विहिरीवर मोटेचं माळवं होतं. मोट नव्या पोरांनी पाहिली नसेल. चामड्याची मोठी पखाल विहिरीत सोडायची आणि बैलांनी धावेच्या उतारावरून चालत ती वर ओढायची. जिच्या जोरावर ती वर येते त्या जाड दोराला नाडा म्हणतात. नाडा तुटला तर मोट विहिरीत, बैल तोंडावर आणि हाकणारा बैलांच्या मागं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, रोज पहाटे बैल जुंपायच्या आधी सगळा नाडा मुठीतून सरकवत काढायचे. डोळ्यांनी बघायचे नाहीत. इकडंतिकडं बघत, गावगप्पा मारत, पण मूठ दोरावर. कुठं विरला असेल तर मूठ थांबायची.

लहानपणी मला त्याचं हसू यायचं. काल बघितलेला दोर आज काय बघायचा?

मी कारखान्यात लागलो ते गावाला पसंत नव्हतं. घरात करता मी एकटा, आबांचे गुडघे धरलेले. एकदा मोटेच्या धावेवर त्यांनी मला उभं केलं.

"कारखान्यात काय करतूस?"

"बॉयलरवर हाय."

"म्हंजी?"

"आगीत कोळसा टाकतो."

"कशानं?"

"फावड्यानं."

आबा बैलाच्या वशिंडावरून हात फिरवत म्हणाले, "मग आपल्याकडं फावडं न्हाई व्हय?"

आबाच पुढं म्हणाले, "दसऱ्यापतोर बघ. तवर तिथल्या जाणत्या माणसानं तुला आगीचा माणूस म्हनलं, तर खुशाल रहा. फावड्याचाच राहिलास, तर फावडं मारायला हितं रान पडलंय."

मी हो म्हणालो. अंगात मस्ती होती. आपण परत जाणार नाही एवढं मला माहीत होतं, कसे राहणार ते मात्र माहीत नव्हतं.

आता थोडं बॉयलरचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बॉयलर म्हणजे लोखंडी पिंप आडवं निजवलेलं, आमच्या गावच्या देवळाएवढं लांब. त्याच्या पोटातून दोन मोठ्या नळ्या जातात, त्या नळ्यांच्या तोंडाशी आग. नळ्यांच्या बाहेरून पाणी. आगीनं पाण्याची वाफ होते, त्या वाफेवर सगळा कारखाना चालतो. गवत आणि चिंध्या शिजवून लगदा करायचा, तो पसरून वाळवायचा, झाला पुठ्ठा. सगळं वाफेवर. नियम एकच : नळ्यांवर कायम पाणी पाहिजे. पाणी खाली गेलं आणि नळी उघडी पडली, तर ती लाल होते, मऊ होते आणि आतल्या वाफेच्या दाबानं बसते. मग बॉयलर फुटतो. बॉयलर फुटला की त्या खोलीतल्या माणसांचा हिशेब कुणाला लागत नाही.

आणि पिंप तर बंद. आत पाणी किती हे कळायचं कसं? त्यासाठी पुढच्या तोंडावर एक काचेची नळी उभी बसवलेली असते, वीतभर उंच. वरून वाफेला जोडलेली, खालून पाण्याला. बॉयलरात जेवढं पाणी, तेवढं काचेत दिसतं. एवढ्या मोठ्या राक्षसाचा जीव त्या वीतभर काचेत.

पण काच खोटं बोलते. ही गोष्ट बाहेरच्याला माहीत नसते. पाण्याची वाट गाळानं बुजली, तर काचेत पाणी तसंच अडकून राहतं. बॉयलर रिकामा होत असतो आणि काच म्हणते, सगळं ठीक आहे. म्हणून काच नुसती बघायची नसते, फुंकायची असते. तिला तीन तोट्या. वरची वाफेची, मधली पाण्याची, तळाची बाहेर सोडायची. तळाची उघडून आधी एकट्या वाफेला येऊ द्यायचं, ती फुस्सकन आली पाहिजे. मग वाफ बंद करून एकट्या पाण्याला येऊ द्यायचं, ते भसाभसा आलं पाहिजे. मग तळाची बंद करून दोन्ही उघडायच्या. पाणी उडी मारून काचेत वर आलं, तर काच खरी.

हे मला शिकवलं रघुनाथ मिस्त्रींनी. आमच्या बॉयलरखान्याचे मुख्य. मालवणकडचे, उमर बोटींच्या पोटात आग सांभाळण्यात गेलेली. वाळलेल्या बोंबलासारखी अंगकाठी आणि आवाज मात्र भोंग्याचा. त्यांची भाषा आम्हा मावळच्या पोरांना अर्धीच कळायची, पण अर्धीच पुरायची.

पहिल्या दिवशी मी आलो, शर्ट खुंटीला लावला, चहाच्या किटलीकडे हात नेला. मागून आवाज आला, "मेल्या, काच बघलंस?"

मी बघितली. म्हटलं, "अर्धी हाय, मिस्त्री."

"बघलंस, फुंकलंस?"

"सकाळच्या पाळीनं फुंकलीय की."

मिस्त्रींनी माझ्या हातातला कप काढून घेतला. "त्यांची काच त्यांची. तुझी काच तुझी. आधी काच, मगे चाय." आणि माझ्यासमोर तो चहा स्वतः प्याले, सावकाश, फुंकर मारमारून.

मला राग आला. मी फावडंवाला. काच फुंकणं हे फायरमनचं, म्हणजे बॉयलरची आग सांभाळणाऱ्या माणसाचं काम, माझं नव्हे. पण माझा राग सरळ नसतो, आडवा असतो. मनात म्हटलं, या म्हाताऱ्याला पुन्हा विचारायची संधीच देत नाही. दुसऱ्या दिवशी शर्टसुद्धा काढला नाही. आलो तो थेट काचेपाशी. तिसऱ्या दिवशी तेच. मिस्त्रींकडून टोमणा नाही. शाबासकीही नाही. मग मी ते ईर्ष्येनं करत राहिलो, आणि एक दिवस ईर्ष्या गेली तरी हात जातच राहिले. सवय अशी लागते. चांगुलपणानं लागते असं पुस्तकात असेल. मला रागानं लागली.

माझ्या आधीच्या पाळीला शंकर पैलवान असायचा. चिंचवड गावातला, जत्रांतून कुस्त्या मारलेला, छाती एवढी की दोन फावड्यांचं काम एका हातानं. मनानं मोकळा. पण मी तोट्यांशी खटपट सुरू केली की तो घाम पुसत म्हणायचा, "आले बघा पुजारीबुवा! घाला देवाला आंघोळ!"

"तू तुझ्या घरी जा की, पैलवान."

"जातो राव. पण तीर्थ तरी दे थोडं."

सगळे हसायचे. पुजारी हेच माझं नाव पडलं. साहेबसुद्धा एकदा म्हणाले, तो पुजारी कुठे आहे? मी चिडायचो नाही असं नाही. चिडायचो आणि तोट्या जास्तच जोरात फिरवायचो.

पण गंमत सांगतो. त्या काचेनं माझी इतर अंगंही पकडली. घरी दाराची कडी लावली की पुन्हा हात लावून बघायला लागलो. गोठ्यात बैलाची गाठ दोनदा ओढून बघू लागलो. बॉयलरच्या छातीवर इंग्रजी अक्षरांची लोखंडी पाटी होती. काच फुंकून झाली की त्यातलं एक अक्षर कोळशानं फरशीवर काढायचो. वाचता येत नव्हतं, नुसतं काढायचो. मिस्त्री जाताजाता पायानं दाखवायचे, "ह्याचो पाय खय गेलो?" मग मी पाय जोडायचो. अख्खी पाटी माझी पाठ झाली तेव्हा कारखान्यातल्या पोत्यांवरची, खोक्यांवरची अक्षरं माझ्याशी आपोआप बोलायला लागली. मास्तरांना जे छडीनं जमलं नाही ते असं झालं.

आईच्या हे आधी लक्षात आलं. ती आबांना म्हणाली, "पोरगं शिस्तीचं झालंय बघा." आबा म्हणाले, "दसऱ्याला बघू."

आणि दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा. नांगर, नाडा, कोयता, विळा सगळं धुऊन, हळदकुंकू लावून ठेवायचं आणि पूजा झाल्यावर त्याला हात लावायचा नाही. दसऱ्याच्या दिवशीच खाली काढायचं. कारखान्यातही माणसं आमचीच, त्यामुळे तिथंही खंडेनवमी जोरात. सगळी यंत्रं बंद, यंत्रांना हार. घरच्या माणसांना त्या दिवशी आत यायची मोकळीक. फक्त बॉयलर चालू. लगद्याची टाकी एकदा शिजायला लागली की मधे सोडता येत नाही, अर्धकच्ची भाकरी तव्यावरून काढल्यासारखं होतं.

माझी दुपारची पाळी. आबांना बरोबर घेऊन गेलो. तेच म्हणाले होते, "मुदत संपली. एकदा बघून येतो तू काय करतूस ते." ठेवणीतलं पागोटं, हातात काठी. मिस्त्रींनी तोवर मला आगीचा माणूस म्हटलं नव्हतं. मेल्या आणि झिला, म्हणजे पोरा, या दोनच पदव्या मला मिळालेल्या.

बॉयलरखान्यात शिरलो तर जत्रा. बायका नवी लुगडी नेसून आलेल्या, पोरं कोळशाच्या ढिगावर चढलेली, नारळ फुटलेले. बॉयलर असा सजवलेला की काय सांगू! पुढच्या तोंडावर हळदीकुंकवाचे पंजे, आणि झेंडूचा हा एवढा जाड हार, बरोबर काचेवरून खालपर्यंत सोडलेला. शंकर पैलवानानं स्वतः घातलेला. म्हणत होता, "काच म्हंजी बॉयलरचं तोंड. हार तोंडाखाली नको का?" बॉयलरला दुसऱ्या बाजूला आणखी एक काच असते, पण ती दोन दिवसांपूर्वी तडकल्यामुळे तोट्या बंद करून ठेवली होती. नवी नळी सणानंतर यायची होती. म्हणजे सगळा भरवसा हाराखालच्या काचेवर.

मी आबांना दाराशी उभं केलं आणि सवयीनं काचेकडे गेलो. हाराला हात लावणार, तोच पैलवान आडवा आला.

"ए पुजाऱ्या! थांब. पूजा झालीया."

"काच फुंकायची हाय."

"सकाळी फुंकलीय मी, पूजेच्या आधी."

"तुझी काच तुझी, पैलवान. माझी काच माझी."

"आरं, खंडेनवमीला पूजेतल्या हत्याराला कुणी हात लावतं का? उद्या कर की काय ती आंघोळ!"

आजूबाजूचे जमले. एक बाई म्हणाली, "असू द्या की भाऊ, एक दिवसानं काय होतंय? सणाचा अपशकुन नको." कुणी म्हणालं, याचं रोजचंच आहे. मिस्त्री तेव्हा तिथं नव्हते, मालकांकडे नारळ घेऊन गेले होते.

खरं सांगतो, हात हारापाशीच थांबला. दाराशी आबा. मुदतीचा शेवटचा दिवस. हार काढला आणि काच खरी निघाली, तर भर सणात पूजा मोडणारा म्हणून गावभर नाव. आबा मला कानाला धरून घरी नेणार आणि मी जाणार. हार नाही काढला, तर कुणी काही बोलणार नाही. गुपचूप चहा प्यायचा. चहाची किटली तिथंच होती, वाफाळत.

मी चहाकडे बघितलं. आणि माझा हातच उचलेना. काच न फुंकता चहा प्यायचा, हे माझ्या हाताला जमत नव्हतं. असं समजा, तोंड न धुता देवाला नमस्कार करायला सांगितल्यासारखं.

"मी काढनार," मी म्हणालो.

"काढून दाखव," पैलवान म्हणाला. त्याचीही मान अडकली होती आता, सगळ्यांदेखत.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. आबा पुढं आले होते.

"काय हाय ते?" त्यांनी मला विचारलं.

"नळी हाय, आबा. आत पाणी किती हाय ते दावती."

"रोज बघतूस?"

"रोज."

"कामाला लागायच्या आदी?"

"आदी."

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं आधी कधी बघितलं नव्हतं. मग पायातल्या वहाणा काढल्या, काठी माझ्याकडं दिली, बॉयलरसमोर गेले आणि दोन्ही हात जोडले. कपाळ टेकायला वाकले, पण लोखंड तापलेलं, म्हणून दुरूनच. मग दोन्ही हातांनी तो हार अलगद उचलला आणि आपल्या दोन्ही बाह्यांवर घेऊन बाजूला उभे राहिले.

"द्येवाचा हार हाय, भुईवर ठेवायचा न्हाई," ते म्हणाले. "मी धरतो. तू बघ." मग पैलवानाकडं वळून, अगदी सौम्य आवाजात, "बाबा रं, नाडा बगितल्याबिगर मोट सुटत न्हाई. खंडेनवमीलाबी न्हाई."

काचेत पाणी अर्ध्यावर होतं. छान दिसत होतं. पण गप्प होतं. बॉयलर चालू असताना काचेतलं पाणी कधी गप्प बसत नाही, बारीक थरथरत असतं. मी तळाची तोटी उघडली. वाफ आली, फुस्स, जोरात. बायका मागं सरल्या. वाफ बंद केली, पाण्याला वाट दिली.

काही आलं नाही.

एक मातकट थेंब आला. मग तोही थांबला.

आश्विन महिना. पावसाळाभर पवना नदीला लाल पाणी, तेच आमच्या टाकीत. गाळानं काचेची पाण्याची वाट बुजली होती. आणि मग बॉयलरात पाणी ढकलणाऱ्या पंपाचा आवाज कानात शिरला. पंप चालू होता, पण पोकळ बोलत होता. त्याच गाळानं त्याचीही जाळी बुजली होती. म्हणजे बॉयलरात पाणी जातच नव्हतं. किती वेळ, देव जाणे. वाफ मात्र लगद्याच्या टाकीकडे चाललेली, आग भडकलेली.

"काच खोटी हाय!" मी ओरडलो. "आग ओढा! बायापोरं भाईर काढा!"

पैलवान पंपाकडे धावला. "पाणी सोडतो! जोरात सोडतो!"

"पाण्याला हात लावू नको, पैलवान!"

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. लाल तव्यावर पाणी टाकलं तर काय होतं ते घरातल्या बायकांना विचारा. नळी तापली असेल आणि वर एकदम थंड पाणी गेलं, तर फुटायला उशीर लागत नाही. पाणी कमी झालं की पाणी घालावं, असं मन म्हणतं. त्या वेळी मनाचं ऐकायचं नसतं. आग काढायची.

पैलवान क्षणभर माझ्याकडं बघत राहिला. मग त्याच्या तोंडावरचा सगळा वाद गळून पडला. "आलो!" म्हणाला, लांब आकडी उचलली आणि त्या गड्यानं जी आग ओढली! एका नळीतून तो, दुसरीतून मी. धगधगता कोळसा फरशीवर, त्यावर ओली राख. पैलवानाच्या भुवया जळाल्या, नवा सदरा जळाला. जत्रेतली कोणतीही कुस्ती त्यानं इतक्या जिवावर उदार होऊन मारली नसेल. बायापोरं तोवर बाहेर. आत आम्ही दोघं आणि आबा.

"आबा, भाईर जा!"

"हार हाय हातात," आबा म्हणाले आणि हलले नाहीत. मी कुणावर गेलोय ते यावरून समजा.

मिस्त्री पळत आले. फरशीवरची आग बघितली, पंप ऐकला. काचेच्या तोट्या बंद केल्या, पुढचं बूच काढलं, तार घालून पाण्याची वाट मोकळी केली. बूच लावलं. तोट्या उघडल्या.

पाणी वर आलं. काचेच्या तळाशी, करंगळीच्या नखाएवढं. तिथंच थांबून थरथरायला लागलं.

काचेत दिसलं म्हणजे नळ्यांवर पाणी होतं. जेमतेम होतं, पण होतं. मिस्त्री तिथंच बाकड्यावर बसले. "आजून चार फावडी कोळसो," म्हणाले, "आनि माझो नारळ सगळ्यांक पुरलो असतो. तेराव्याक."

पैलवान माझ्यापाशी आला. काळं तोंड, भुवया नाहीत. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा मारणार. त्यानं कपात चहा ओतला आणि माझ्यासमोर धरला. "घ्या, पुजारीबुवा. आता घ्या." नंतर पुष्कळ वर्षं तो मला पुजारीच म्हणायचा, पण पहिल्यासारखं कुणी हसलं की त्याच्याकडं अशा नजरेनं बघायचा की हसणारा थांबायचा.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "ह्यो हार आता घालू का?"

आबा अजून तसेच उभे होते, बाह्यांवर झेंडू घेऊन. मिस्त्रींनी त्यांना पहिल्यांदाच नीट बघितलं. "तुमी कोण?"

"म्या ह्याचा बाप."

मिस्त्री उठले. कपड्यानं हात पुसले, आबांना नमस्कार केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हो आमचो फायरमन."

आबांना ते मालवणी कळलं की नाही, मला शंका आली. म्हणून मी सांगायला गेलो, "आबा, ते म्हणत्यात…"

"कळलं मला," आबा म्हणाले. "भैरा न्हाई मी."

हार मग काचेवर घातला नाही. मिस्त्रींनी काचेच्या डाव्या अंगाला खिळा ठोकला, त्यावर आबांनी तो घातला. मी त्या बॉयलरखान्याचा मिस्त्री होऊन निवृत्त झालो तोवर दर खंडेनवमीला हार त्या खिळ्यावरच. नव्या पोरांना वाटायचं, ही काही जुनी रीत असेल. होतीच.

पुढं मिस्त्रींनी मला सरकारी परीक्षेला बसवलं. बॉयलरचे इन्स्पेक्टर समोर, टेबल, पंखा. त्यांनी विचारलं, पाळीवर आल्यावर पहिलं काय करशील? मला शब्द आठवेना. पण हात आपोआप वर गेले आणि हवेतच तोट्या फिरवायला लागले. तळाची, वाफेची, पाण्याची. इन्स्पेक्टर बघत राहिले, मग हसून म्हणाले, बास, तुमची काच खरी आहे. पास झालो. एक रुखरुख आहे : मिस्त्री तोवर कोकणात निघून गेले होते आणि त्यांच्या गावाचं नाव मी कधी विचारून घेतलं नव्हतं. सर्टिफिकेट कुणाला दाखवायचं हा प्रश्न पडला. मग आबांना दाखवलं. त्यांनी ते उलटं धरून वाचलं आणि बरं म्हणाले.

आता बॉयलर आपले आपण चालतात. पाणी कमी झालं की स्वतःच शिट्ट्या मारतात, आग विझवतात. चांगलं आहे. पण नातवाला मी एवढंच सांगतो, की हार सगळे बॉयलरला घालतात. सवयीला कुणी घालत नाही, आणि तिला तो नकोही असतो. तिला रोजचे फक्त दोन हात पाहिजेत.

असो. तो दिवस तिथंच संपला नाही. संध्याकाळी आम्ही बापलेक वाकडच्या वाटेनं घरी निघालो. अर्धी वाट आबा काठी टेकत चालले. मग म्हणाले, "माझं गुडघं काय सुधरत न्हाईत. पण तू जा कामावर. मोटंचं बघू कायतरी." बस, एवढंच. मुदत संपली होती आणि मी जिंकलो होतो. मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं, पण आबांच्या शेजारून चालताना तसं ओरडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. उजाडायच्या आत उठलो. आबा उठायच्या आधी गोठ्यात गेलो, पूजेतला नाडा खाली काढला आणि न सांगता, जन्मात पहिल्यांदा, सगळा मुठीतून सरकवत काढला. मधे एका जागी मूठ थांबली. तिथं बोट ठेवून उभा राहिलो. आबा दारात आले, बघत राहिले.

"कुठं विरलाय?"

"हितं. टोकापासनं वाव, दीड वाव."

"मलाबी तिथंच लागत होता," आबा म्हणाले. "गाठ मार."

गाठ मारली, बैल जुंपले, माळव्याला पाणी दिलं. मग भाकरी बांधून घेतली आणि कामावर गेलो. पंपाची जाळी साफ करून आग पुन्हा पेटवलेली, मिस्त्री बाकड्यावर बसले होते, किटली वाफाळत होती. मी शर्ट काढला नाही. आधी काच फुंकली.

पाणी उडी मारून वर आलं.

मग चहा घेतला.